डेट्रॉइटच्या खर्जासाठी तारा निवडताना

आमच्या पुण्यातल्या हौशी वाद्यवृंदाने अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटाउन या ध्वनिमुद्रिका कंपनीची १९६४ ते १९६७ या काळातली काही गाणी बसवायला घेतली, तेव्हा खर्जाची बाजू माझ्याकडे होती आणि वाद्य बदलण्याचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. माझा बास, म्हणजे खर्जाची चार तारांची विजेची गिटार, प्रिसिजन घाटाचा आहे. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात १९५१ मध्ये बाजारात आणलेली आणि १९५७ मध्ये दुभागलेला पिकअप (तारेची कंपने टिपणारे चुंबकीय वेटोळे) मिळाल्यावर जवळजवळ स्थिरावलेली ती रचना आजही फारशी बदललेली नाही. तारेची ३४ इंचांची मोकळी लांबी, पिकअपची जागा आणि एकंदर बांधणी या तिन्ही बाबतींत माझे वाद्य त्या काळच्या वाद्याला धरूनच आहे. तरीही तालमीचे ध्वनिमुद्रण ऐकताना स्वर बरोबर, लय बरोबर आणि आवाज मात्र वीस-तीस वर्षे पुढचा, असा प्रकार होत होता. प्रत्येक स्वराच्या आरंभी धातूचा झणत्कार, बोट सरकले की तारेवरची खरखर आणि स्वर संपवायच्या जागेनंतरही मागे रेंगाळणारी लांब आस. जुन्या तबकड्यांवर यातले काहीच ऐकू येत नाही. तिथे स्वर ठोक्याबरोबर भरीवपणे येतो आणि पुढच्या स्वराला जागा करून देत लगेच बाजूला होतो. हा फरक मुख्यत्वे तारांचा आहे, एवढे मला ठाऊक होते. कोणत्या तारांचा, हे ठरवताना मात्र त्या काळाचा इतिहास, थोडे पदार्थविज्ञान आणि माझ्या वाद्याची प्रकृती अशा तिन्ही गोष्टी पाहाव्या लागल्या.

‘साठच्या दशकातला आवाज’ असे आपण एका दमात म्हणतो, पण त्या दशकात खर्जाचे निदान चार वेगळे आवाज एकाच वेळी नांदत होते. डेट्रॉइटमध्ये वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरच्या २६४८ क्रमांकाच्या घरात मोटाउनचा स्टुडिओ होता. वादक त्या खोलीला स्नेकपिट म्हणत. तिथले बासवादक जेम्स जेमरसन हे १९६२ च्या प्रिसिजन बासवर जाड फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने वेढलेल्या) तारा लावून उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने वाजवत. लॉस एंजेलिसमध्ये बासवादक कॅरल के प्लेक्ट्रमने, म्हणजे नखीने, वाजवत आणि आवाज कोरडा राहावा म्हणून तारांवर फेल्टची पट्टी ठेवत. नॅशव्हिलमध्ये डबल बासच्या जोडीला सहा तारांचा डॅनइलेक्ट्रो बास तळहाताने दाबून वाजवण्याची ‘टिक-टॅक’ नावाची रीत होती; डबल बास खोली देई आणि दुसरे वाद्य नुसता ठोका देई. लंडनमध्ये बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांच्याकडे ३० इंच लांबीच्या तारांचा, आतून पोकळ असा हॉफ्नर बास होता, आणि त्याच शहरात द हू या गटाचे जॉन एन्टविसल यांना याच्या नेमके उलटे, पियानोच्या खालच्या पट्टीसारखे लखलखीत खर्ज हवे होते. त्यांच्या आग्रहातून १९६६ मध्ये रोटोसाउंड कंपनीच्या राउंडवाउंड (गोल तारेने वेढलेल्या) तारा घडल्या, आणि आज दुकानात गेल्यावर बास गिटारची तार म्हणून जी समोर ठेवली जाते ती बहुतेक वेळा त्याच वंशातली असते. म्हणजे माझ्या बासवर लावलेल्या राउंडवाउंड तारासुद्धा साठच्याच दशकातल्या होत्या. फक्त त्या दुसऱ्या शहराच्या होत्या.

आपल्याकडे त्याच काळात मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत खर्जाचा भार बराचसा डबल बासवर असे आणि तो वाजवणारे अनेक वादक गोव्याचे होते. जुन्या हिंदी गाण्यांवर वाढलेल्या माझ्या कानाला तो बुटका, गोल, आसविरहित खर्ज परिचयाचा होता, आणि डेट्रॉइटचा आवाज मला पहिल्यापासून जवळचा का वाटला याचे उत्तर बहुधा तिथेच आहे. जेमरसन हेही मुळात डबल बास शिकलेले. विजेच्या बासवर येताना त्यांनी ती सवय सोबत आणली: तारा फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या पडद्यांपासून) बऱ्याच उंच, गेज म्हणजे तारेचे माप जाड, आणि मोकळ्या तारांचा मुक्त वापर.

तारेच्या रचनेकडे वळल्यावर बऱ्याच गोष्टी उलगडल्या. बासच्या तारेत मधोमध पोलादी गाभा असतो आणि त्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. वरचा वेढा गोल तारेचा असेल तर ती राउंडवाउंड; चपट्या पट्टीचा असेल आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर फ्लॅटवाउंड. पट्टीचे वेढे एकमेकांना लागून बसतात, त्यामुळे तार वाकताना आत घर्षण जास्त होते आणि वरचे उपस्वर लवकर विझतात. मूळ स्वर आणि त्याच्या जवळचे एक-दोन उपस्वर उरतात, आणि आपल्याला आवाज ‘जाड’ वाटतो. याखेरीज बोट सरकताना होणारी खरखर जवळजवळ नाहीशी होते, हा वेगळा लाभ. वेढ्यांसाठी स्टेनलेस स्टील वापरले तर आवाज अंमळ उजळ येतो, शुद्ध निकेल वापरले तर मऊ. गाभा षट्कोनी की गोल यानेही फरक पडतो. गोल गाभ्याची तार अधिक लवचीक असते, मात्र ती कापण्यापूर्वी खुंटीजवळ घट्ट मुडपून घ्यावी लागते, नाहीतर वेढे गाभ्यावर सैल होतात आणि तार बसवण्यापूर्वीच निकामी होते. पिरॅमिड या जर्मन कंपनीच्या शुद्ध निकेलच्या, गोल गाभ्याच्या फ्लॅटवाउंड तारा याच कारणाने मी यादीत ठेवल्या आणि याच कारणाने शेवटी वगळल्या, कारण त्या सहज मिळत नाहीत आणि परदेशातून मागवलेला महागडा संच एका कापण्याने वाया घालवण्याची माझी तयारी नव्हती. नायलॉनच्या पट्टीने मढवलेल्या काळ्या ताराही असतात. त्यांचा आवाज डबल बासच्या अधिक जवळ जातो, पण डेट्रॉइटच्या गाण्यांत जी घोगरी धार आहे ती त्यांत सापडत नाही.

तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्याला हे सगळे ताबडतोब कळेल, कारण तो याच्या उलट दिशेने काम करत असतो. घोडीचा पृष्ठभाग घासून आणि तारेखाली दोरा सरकवून तो उपस्वर मोकळे करतो, आस लांबवतो, एका तारेतून अनेक स्वर ऐकू यावेत असे पाहतो. मला याच सगळ्या गोष्टी बंद करायच्या होत्या.

फ्लॅटवाउंड हे ठरल्यावर प्रश्न गेजचा. तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात, आणि लांबी तीच, स्वर तोच असेल तर तारेवरचा ताण तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. बांधणी सारखी धरली तर वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून आकड्यांतला लहानसा फरक हाताला मोठा जाणवतो. जेमरसन वापरत त्या ला बेला कंपनीच्या संचाचे माप ५२, ७३, ९५, ११० असे आहे. आज प्रचारात असलेला त्याच कंपनीचा साधारण संच ४५, ६५, ८५, १०५ असा आहे. सर्वांत खालच्या ई तारेत फरक पाचाचाच दिसतो आणि ताण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. सर्वांत वरच्या जी तारेत मात्र ४५ वरून ५२ वर जाताना ताण जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. जाड संचाची गंमत खरे तर या वरच्या तारांत आहे. ओळ वर चढली की एरवी बासचा आवाज बारीक होत जातो. ५२ च्या जी तारेवर तो होत नाही, आणि जेमरसन यांच्या ओळी वर-खाली कितीही धावल्या तरी त्यांचे वजन का ढळत नाही याचा बराचसा उलगडा इथे होतो. वांद्र्याला राहणाऱ्या एका वादक मित्राच्या बासवर हा संच लावलेला आहे. त्याच्याकडे एक दुपारभर तो वाजवून पाहिला, तेव्हा पहिल्या काही मिनिटांत आवाजाने मी हरखून गेलो आणि तासाभरात डाव्या हाताची करंगळी काम करेनाशी झाली.

पुण्या-मुंबईच्या दुकानांत राउंडवाउंड तारा सहज मिळतात, फ्लॅटवाउंड मात्र बहुधा मागवून घ्याव्या लागतात आणि त्यांची किंमत साध्या संचाच्या दुपटीच्या पुढे जाते. म्हणून पहिल्यांदा जे हाती लागले ते घेतले: डॅडारिओ कंपनीचा क्रोम्स नावाचा संच, माप ४५, ६५, ८०, १००. चपट्या पोलादी पट्टीच्या, घासून गुळगुळीत केलेल्या या तारा बोटाला सुखद आहेत आणि स्वराला पक्क्या आहेत. पण फ्लॅटवाउंड तारांत त्या सर्वांत उजळ म्हणून ओळखल्या जातात आणि तसा अनुभव मलाही आला. नव्या असताना त्यांत स्टीलची ठिणगी चांगलीच होती. ज्यांना फ्लॅटवाउंडचा स्पर्श हवा पण आधुनिक स्पष्टता सोडायची नाही, त्यांच्यासाठी त्या उत्तम आहेत. माझे काम वेगळे होते. टोनची नॉब पूर्ण बंद केल्यावर झणत्कार दबला, मात्र त्याबरोबर स्वराचा मध्यभागही गेला आणि खाली नुसता घुमारा उरला. ही नॉब सगळे उपस्वर सरसकट कापते. तारेच्या आतले घर्षण उपस्वर हळूहळू, स्वर विझत असताना, एकेक करून काढून घेते. या दोन गोष्टींचा परिणाम कागदावर सारखा वाटतो आणि कानाला अजिबात सारखा वाटत नाही.

दुसरा प्रयोग व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इनफेल्डचा. ही कंपनी व्हायोलिनच्या तारांसाठी प्रसिद्ध आहे आणि तिच्या जॅझ फ्लॅट नावाच्या निकेल तारांना जगभर मोठा चाहतावर्ग आहे. माप ४३, ५६, ७०, १००. मधल्या दोन तारा इतक्या बारीक पाहून मी बुचकळ्यात पडलो होतो, पण या संचाचे वैशिष्ट्यच कमी ताण हे आहे. हाताखाली तार रबरासारखी लवते, आवाज गोड येतो, मधले स्वर गातात. मी या तारांवर मनापासून प्रेम केले, आणि संथ गाण्यांच्या तालमीत त्या इतक्या शोभून दिसल्या की आमच्या गायिकेने “आता शोध थांबवा” असे बजावले. अडचण द्रुत गाण्यांत आली. तर्जनीने जोरात ओढल्यावर सैल तार रुंद हिंदकळते, फ्रेटवर आपटते, आणि आघात झाल्यावर स्वर क्षणभर चढून मग जागेवर येतो. डेट्रॉइटच्या खर्जातला जो घट्ट ठोका आम्हाला हवा होता, त्याला तारेने बोटाला प्रतिकार करायला हवा. थोमास्टिकच्या तारा प्रतिकार करत नाहीत. त्यांना हलक्या हाताचा वादक हवा आणि मी तसा नाही.

इथे निर्णय जवळजवळ आपोआप झाला: ला बेला. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्ग येथे बनणाऱ्या, ‘डीप टॉकिन बास’ या नावाने विकल्या जाणाऱ्या या स्टेनलेस स्टीलच्या फ्लॅटवाउंड तारा ताणाला घट्ट आहेत आणि नव्या असतानाही क्रोम्सपेक्षा बऱ्याच गडद आहेत. उरला प्रश्न ५२-११० की ४५-१०५ एवढाच. मन अर्थातच जेमरसन यांच्या मापाकडे धावत होते. वाद्यदुरुस्ती करणाऱ्या काकांकडे बास घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी मान डोळ्यांसमोर आडवी धरून तिचा बाक पाहिला आणि मग नटावर, म्हणजे मानेच्या टोकाला तारा अडवणाऱ्या खाचांच्या पट्टीवर, नख फिरवले.

“एकशे दहाची तार या खाचेत बसायची नाही. खाच मोठी करून देतो, पण मग पुन्हा बारीक तार लावलीत तर ती तिथे खडखडेल.”

“मग काका, नटच दुसरा करून द्याल का? हा जुना मी जपून ठेवतो.”

“करून देईन की. पण नटाचं सोडा, मानेचं बघा आधी. ट्रस रॉड आत्ताच बराच आवळलेला आहे. अजून ताण घातलात आणि पावसाळ्यात लाकूड फुगलं, तर आवळायला जागा कुठे उरणार?”

हे बोलणे निर्णायक ठरले. चार तारांचा मिळून ताण मानेला पुढे ओढतो आणि आतली पोलादी सळई, म्हणजेच ट्रस रॉड, तिला मागे धरते. ती सळई अगोदरच शेवटाला आली असेल तर जाड संच लावणे म्हणजे पुढच्या आषाढात वाद्याची मान वाकवून घेणे. पुण्यात उन्हाळ्यातली कोरडी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा यांत एवढे अंतर असते की माझ्या बासची ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) एरवीही वर्षातून निदान दोनदा ठीक करून घ्यावी लागते. मी ४५-१०५ घेतला. ऐतिहासिक अचूकतेच्या दृष्टीने ही तडजोड आहे, आणि ती मला मुळीच खुपत नाही.

तारा बसवण्याचे काम त्यांनी केले, मी शेजारी बसून पाहिले. फ्लॅटवाउंड तारेच्या खुंटीकडच्या टोकाला रेशमाचे मढवण असते आणि ते नटाच्या पलीकडे सुरू व्हायला हवे, म्हणून विकत घेतानाच तारेची लांबी वाद्याला जुळते का हे पाहावे लागते. ज्या बासमध्ये तारा खोडाच्या मागून ओवतात तिथे जास्त लांब तार लागते, शिवाय तिथला काटकोनी वळसा चपट्या पट्टीला मानवत नाही. माझ्या वाद्यात तारा ब्रिजमधूनच (खोडावरच्या धातूच्या घोडीतून) निघतात, त्यामुळे हा प्रश्न आला नाही. गेज आणि ताण बदलल्यावर प्रत्येक सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) पुढे-मागे करून बाराव्या फ्रेटवरचा स्वर मोकळ्या तारेच्या सप्तकाशी मिळवून घ्यावा लागतो. मानेला नव्या ताणाची सवय होईपर्यंत पहिले काही दिवस हे मोजमाप थोडे हलत राहिले.

पहिल्या दिवशी आवाज अपेक्षित दिशेने गेला होता, पण आस अजून लांब होती. इथे तारांच्या निवडीइतकीच महत्त्वाची आणि तारांच्या जाहिरातीत कधीच न येणारी गोष्ट सुरू होते. साठच्या दशकातल्या फेंडर बासवर ब्रिज झाकणारे एक चकचकीत धातूचे झाकण येत असे. पुढच्या पिढीतल्या वादकांनी ते काढून टाकले, आणि त्याबरोबर झाकणाच्या आत चिकटवलेला फोमचा तुकडाही गेला, जो तारांवर हलकेच टेकून त्यांची आस तोडत असे. जेमरसन यांनी ते झाकण आणि तो फोम तसाच ठेवला होता. फेंडरचाच जॅझ बास १९६० मध्ये आला तेव्हा त्यावर तर प्रत्येक तारेखाली वेगळा फेल्टचा म्यूट (आस तोडणारा तुकडा) बसवलेला होता. आस तुटणे हा त्या काळच्या रचनाकारांच्या लेखी दोष नव्हताच. विजेचा बास डबल बासच्या जागी उभा राहणार होता आणि डबल बासची आस तशीच आखूड असते. हेच विजेच्या बासवर बोटे टेकवण्यासाठी असलेल्या आधाराच्या पट्टीलाही लागू आहे: ती त्या काळी बारीक तारांच्या बाजूला बसवत, कारण वादक बोटे तिथे टेकवून अंगठ्याने वाजवेल अशी कारखान्याची अपेक्षा होती. तसे फार थोड्यांनी वाजवले.

माझ्या बासवर झाकण नाही, म्हणून फोम तारांखाली, सॅडलच्या किंचित पुढे सरकवायचे ठरले. भांडी घासायचा स्पंज फार दाट निघाला. तार लाकडी ठोकळ्यासारखी वाजू लागली आणि दाबामुळे स्वरही चढले. वेष्टनातला पांढरा फोम थोड्याच दिवसांत चुरा होऊन पडला. शेवटी खुर्च्यांच्या गाद्या भरून देणाऱ्याकडून मऊ, मोठ्या छिद्रांचा तुकडा आणला आणि ब्लेडने तासत नेला. तारा सपाट रेषेत नसतात, फ्रेटबोर्डच्या कमानीप्रमाणे मधल्या दोन थोड्या उंच असतात, त्यामुळे फोमचा माथाही तसाच गोलसर कापावा लागतो, नाहीतर ई आणि जी बंद आणि मधल्या तारा वाजत्या अशी गत होते. फोम तारेला टेकला पाहिजे, तिला उचलता कामा नये. हे जमल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली, जी मला कोणी सांगितली नव्हती. मोकळी तार आणि फ्रेटवर दाबलेली तार यांच्या आवाजात एरवी जो फरक असतो, तो फोममुळे बराचसा पुसला जातो. जेमरसन उतरत्या ओळींतही मध्येच मोकळी तार वाजवून पुढे जातात आणि ती कधी वेगळी उठून दिसत नाही. राउंडवाउंड तारांवर हीच ओळ वाजवताना मोकळी ए तार दर वेळी घंटेसारखी वाजायची आणि मी ती टाळण्यासाठी बोटे वेगळी लावत होतो. आता टाळण्याचे कारण उरले नाही, आणि ओळ अचानक सोपी झाली, कारण ती मुळात तशीच बांधलेली होती.

एका बोटाने वाजवण्याचा सराव मला करावा लागला. दोन बोटे आलटून पालटून वाजवली की स्वर एकसारखे येतात. एकाच तर्जनीने सगळे वाजवले की जोरकस आणि हलक्या स्वरांची एक नैसर्गिक चढउतार तयार होते, आणि एका तारेवरून खालच्या तारेवर येताना बोट आपसूक घसरत येते. वेग कमी होतो हे खरे. ज्या गाण्यांत एका मात्रेत चार-चार स्वरांची गर्दी आहे तिथे मी अजूनही दुसरे बोट वापरतो आणि ते कोणाला कळू नये अशी इच्छा बाळगतो. बोट पडण्याची जागाही महत्त्वाची निघाली. ब्रिजकडे सरकले की फ्लॅटवाउंड तारही कडक बोलते. पिकअपच्या किंचित पुढे, मानेच्या बाजूला, आवाज सर्वांत भरतो.

तारांची परीक्षा एकट्याने घेऊ नये, असे माझे ठाम मत या सगळ्या प्रकारात बनले. घरी बसून वाजवताना ला बेलाचा आवाज, फोमसह, अगदी बोथट वाटतो. कोणालाही वाटेल की वाद्य बिघडले आहे. तोच आवाज ढोलाच्या ठोक्याशेजारी, ऑर्गन आणि टॅम्बरिनच्या खाली ठेवला की स्वच्छ ऐकू येतो, कारण वरच्या पट्ट्यांत त्याने काही अडवून ठेवलेले नसते. आमच्या ड्रमरने तर सांगितले की आता त्याला किक ड्रम कमी जोराने वाजवावा लागतो. डेट्रॉइटच्या स्टुडिओत जेमरसन यांचा बास ॲम्पसमोर मायक्रोफोन न ठेवता थेट व्हॉल्व्हवर चालणाऱ्या मिश्रणयंत्रात जात असे, आणि जोरकस स्वराला येणारी ती घोगरी कड बरीचशी त्या ताणलेल्या व्हॉल्व्हची आहे. आम्ही ध्वनिमुद्रण करताना बास एका लहान व्हॉल्व्ह प्रीॲम्पमधून थेट नेला, पातळी थोडी जास्त ठेवली आणि ॲम्प बंद ठेवला. फ्लॅटवाउंड तारांवर ही घोगरी कड शोभते. राउंडवाउंडवर हाच प्रयोग केला होता तेव्हा नुसती किरकिर आली होती.

मिश्रण झाल्यावर ते फोनवर ऐकून पाहिले, कारण आजकाल बहुतेक लोक तिथेच ऐकणार. मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर ४१.२ हर्ट्झचा असतो आणि तो फोनच्या स्पीकरमधून बाहेर पडतच नाही. ऐकू येतात ते वरचे उपस्वर, आणि त्यांवरून खालचा स्वर मन भरून काढते. मोटाउनमध्येही गाणी मोटारीच्या रेडिओसारख्या लहान स्पीकरवर वाजवून तपासत असत, त्यामुळे हा प्रश्न नवा नाही. माझ्या पहिल्या मिश्रणात फोम थोडा जास्त घट्ट होता आणि फोनवर बास जवळपास अदृश्य झाला. फोम अर्ध्या सुताने मागे, सॅडलकडे सरकवला, टोनची नॉब अर्ध्यावर उघडली, प्रीॲम्पची पातळी आणखी थोडी वाढवली, तेव्हा ओळ लहान स्पीकरवरही वाचता येऊ लागली. नॉब बंद ठेवूनच जुना आवाज येतो हा समज माझाही होता. घोगरी कड ऐकू यायची तर नॉब थोडी उघडी लागते.

फ्लॅटवाउंड तारांचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्या जुन्या झाल्या की बिघडत नाहीत, सुधारतात. घाम आणि मळ पट्टीच्या वेढ्यांच्या फटींत बसतो आणि उरलासुरला झणत्कारही जातो. राउंडवाउंड तारा मेल्या की काही जण त्या उकळून पुन्हा जिवंत करतात. फ्लॅटवाउंड वापरणारे उलट त्या लवकर मराव्यात म्हणून वाट पाहतात. जेमरसन तार तुटल्याखेरीज बदलत नसत आणि तो मळ हाच आवाज आहे अशी त्यांची धारणा होती. लॉस एंजेलिसच्या जो ऑस्बॉर्न यांनीही आपल्या जॅझ बासवरच्या तारा वर्षानुवर्षे तशाच ठेवल्या होत्या. नव्या तारांवर तेल किंवा मलम चोळून त्यांना मुद्दाम म्हातारे करण्याची एक युक्ती सांगितली जाते. ती मला पटली नाही, आणि गरजही पडली नाही. पुण्याच्या मे महिन्यात बंद खोलीत तालीम केली की हे काम फुकट होते. सर्वांत वरच्या ‘जी’ तारेची चमक मला शेवटपर्यंत जराशी खटकत होती; पहिल्या पावसाळ्यानंतर तीही बसली. स्टेनलेस स्टील असल्याने गंज दिसला नाही. वाजवून झाल्यावर तारा पुसण्याची माझी जुनी सवय मी या एका वाद्यापुरती सोडली आहे.

थोमास्टिकचा संच गुंडाळून ठेवला आहे, कारण एकदा लावून काढलेली फ्लॅटवाउंड तार नीट ठेवली तर पुन्हा लागते. खुंटीजवळचे वळसे जिथे होते तिथेच पुन्हा बसवायचे एवढेच पाहावे लागते. क्रोम्स एका विद्यार्थ्याने नेल्या आणि तो खूश आहे. आता गटाने पुढच्या कार्यक्रमासाठी द हूची दोन गाणी निवडली आहेत. त्यासाठी माझ्या बासला हात लावायचा नाही असे मी आधीच सांगून टाकले असून, वांद्र्याच्या मित्राचा राउंडवाउंड तारा लावलेला दुसरा बास दोन आठवड्यांसाठी मागितला आहे.